हीटर थंड का? – जुन्या पिकअपची दुखणी आणि त्यांचं निदान

(डंडॉक इथे मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



"काहीतरी उपयोगाचं बोला" एवढीच सूचना मला कार्यकारिणीकडून मिळाली होती. याच व्यासपीठावर मागे मधुमेहावर व्याख्यान झालं होतं आणि पाठोपाठ पंगतीत गुलाबजाम आले होते. त्या मानाने माझी अपेक्षा माफक आहे. हे भाषण संपल्यावर तुमच्यापैकी दोघांनी जरी पार्किंगमध्ये जाऊन गाडीचं बोनेट उघडून बघितलं, तरी मी भरून पावलो.

विषय आहे जुन्या डिझेल पिकअपचा हीटर आणि इंजिन. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पिकअप कुठे? पण मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तुमच्या मोटारीलाही लागू आहे. शिवाय आपल्यापैकी काहीजण आता नोकरी सोडून स्वतःचं काम करू लागले आहेत. कुणी कुंपणं बांधतं, कुणी रंगकाम करतं, कुणी जेवणाच्या ऑर्डरी पोचवतं. त्यांच्या दारात जुनी पिकअप किंवा व्हॅन असतेच, आणि ती बंद पडली की घरची चूल थंडावते.

हा विषय डंडॉकमध्ये मांडायला मला विशेष आनंद होतो, कारण हे गाव मूळचं मेस्त्रींचं. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा कारखाना इथे १८८१ साली सुरू झाला. १९३०च्या दशकात, डिझेल ही नवलाईची वस्तू होती तेव्हा, या रेल्वेने डिझेलवर धावणारे रेल्वेचे डबे बनवले. पुढे गार्डनर कंपनीची डिझेल इंजिनं बसवून अख्ख्या बसगाड्याही याच गावात बांधल्या. १९५८ साली रेल्वेचा तो कारभार संपला. त्यानंतर त्याच जागेत जर्मनीच्या हाइंकेल कंपनीच्या परवान्याने बुडबुड्यासारखी दिसणारी चिमुकली मोटार बनू लागली. पुढचा अख्खा तोंडवळा उघडून आत शिरायचं, अशी ती गाडी. इंजिन एकाच सिलिंडरचं, स्कूटरचं आणि हवेने थंड होणारं. म्हणजे रेडिएटर नाही आणि गरम पाणीही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजच्या भाषणाचं मर्म तिच्यात आहे: आपल्या गाडीचा हीटर म्हणजे इंजिनातलं गरम पाणी. त्या पाण्याचा प्रवास समजला की निम्मी दुखणी घरबसल्या ओळखता येतात.

गाडीतला बंब

आपल्यातल्या जुन्या मंडळींना तांब्याचा बंब आठवत असेल. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इंजिन म्हणजे असाच एक बंब. आत डिझेल जळतं, आणि त्यातल्या उष्णतेचा निम्म्याहून कमी भाग चाकं फिरवायला जातो. उरलेल्यातला मोठा हिस्सा सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि दुसरा मोठा हिस्सा सिलिंडरभोवतीच्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये उतरतो. हे पाणी फिरवायला वॉटर पंप असतो. पाण्याला दोन वाटा आहेत. एक वाट पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जाते, तिच्यावर थर्मोस्टॅट नावाचा दरवान बसलेला असतो. दुसरी वाट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरकडे जाते. तो छोटा रेडिएटर म्हणजे हीटर कोर. त्याच्यावरून पंखा हवा सोडतो आणि ती ऊब आपल्या पायांशी व काचेवर येते.

दरवानाचं काम साधं आहे. इंजिन थंड असताना त्याने मोठ्या रेडिएटरचं दार बंद ठेवायचं, म्हणजे पाणी लवकर तापतं. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की दार उघडायचं. त्याच्या पोटात मेण असतं. ते तापून फुगतं आणि झडप ढकलतं. वीज नाही, वायर नाही, सगळा कारभार मेणाचा.

एक खरीखुरी केस

गेल्या हिवाळ्यात आपल्यातलाच एक तरुण माझ्याकडे आला. मूळचा इचलकरंजीकडचा. बायको नर्सिंग होममध्ये नर्स आहे, हा बागकामाची आणि कुंपणांची कामं घेतो. पहाटे मुलांचं आवरून, त्यांना शाळेत सोडून, पिकअपमध्ये हत्यारं टाकून कधी कार्लिंगफर्डकडे, कधी सीमेपलीकडे न्यूरीला जातो. म्हणाला, "काका, इंजिन गेलं म्हणतात."

लक्षणं अशी. सकाळी सेल्फ मारमारून बॅटरी दमते, तेव्हा कुठे गाडी सुरू होते. सुरू झाली की पाचेक मिनिटं पांढरा धूर. हीटर कोमट, त्यामुळे समोरची काच पुसत पुसत गाडी चालवायची. डिझेल जास्त पितेय. आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट-पिवळं, लोण्यासारखं काहीतरी जमतंय. एका गॅरेजवाल्याने ते लोणी आणि तो धूर बघितला आणि सांगितलं, "हेड गॅस्केट उडालीय, पाणी ऑइलमध्ये जातंय, इंजिन खोलावं लागेल." आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा. क्रेडिट युनियनकडून कर्ज काढायचं, की गाडी भंगारात घालून नव्याने सुरुवात करायची, यावर घरात दोन आठवडे झोप नव्हती. आणि त्याच गाडीत, धुरकटलेल्या काचेमागे, मुलं शाळेत जात होती. मला पैशांपेक्षा त्या काचेची जास्त धास्ती वाटली.

गॅरेजवाल्याचा तर्क अगदीच वेडा नव्हता, बरं का. हेड गॅस्केट गेली की अशीच लक्षणं दिसतात. पण अशी लक्षणं दिसली म्हणजे हेड गॅस्केटच गेली, असं नाही. आपल्याकडे म्हण आहे ना, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणून मी त्याला एकच प्रश्न विचारला, "अरे, कूलंट कमी होतंय का?"

"नाही काका. दर रविवारी बघतो. खुणेवरच असतं."

इथेच मला पहिली शंका आली. पाणी जर ऑइलमध्ये किंवा धुरातून जात असेल, तर ते कुठून तरी कमी व्हायलाच हवं.

हाताने करायच्या तपासण्या

शनिवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना आम्ही बोनेट उघडलं. पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ हात, मफलर किंवा दुपट्टा न्यायचा नाही, हा पहिला नियम. तपासण्या कोणत्या क्रमाने केल्या ते सांगतो, कारण क्रमालाच महत्त्व आहे. फुकटातली तपासणी आधी, पाना लावायची नंतर.

पहिली तपासणी रेडिएटरच्या वरच्या होस पाइपची. इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं हा पाइप गारच राहिला पाहिजे, कारण दरवानाने दार लावलेलं असतं. पाणी तापल्यावर तो एकदम गरम व्हायला हवा. याच्या गाडीत तो पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला. म्हणजे दार उघडंच होतं. थंडीत दार-खिडक्या सताड उघड्या ठेवून शेकोटी पेटवावी, तसला प्रकार.

दुसरी तपासणी हीटरच्या दोन होस पाइपांची. इंजिनाच्या खोलीतून हे दोन पाइप केबिनच्या पत्र्यातून आत जातात. हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा आणि दोन्ही पाइपांना जपून हात लावायचा. दोन्ही चांगले गरम आणि तरी आत हवा गार, तर पाणी ठीक आहे, डॅशबोर्डमधली हवेची झडप किंवा तिची केबल बिघडली आहे. एक गरम आणि एक गार, तर हीटर कोर गाळाने तुंबलाय किंवा पाण्याची झडप बंद आहे. दोन्ही कोमट, तर इंजिनच तापत नाही किंवा पाणी फिरत नाही. याचे दोन्ही कोमट होते.

तिसरी तपासणी हेड गॅस्केटची. ती इंजिन गार असतानाच, कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून सुरू करायची. इंजिन चालू केल्यावर टाकीत सारखे बुडबुडे येतात का ते बघायचं. आले नाहीत. मग एक निळा द्राव मिळतो, त्याची नळी टाकीच्या तोंडावर धरायची आणि आतली हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला वायू पाण्यात मिसळत असेल तर त्या निळ्याचा रंग बदलतो. आमचा निळा तो निळाच राहिला. हेड गॅस्केटवरचा आरोप मागे!

मग ते लोणी कसलं? तर दमटपणाचं. इंजिन जळतं तेव्हा पाण्याची वाफ तयार होते, आणि थोडी पिस्टनच्या बाजूने खाली उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. ते तापलंच नाही, आणि फेऱ्याही पाच-सात मिनिटांच्या असल्या, तर ती वाफ सगळ्यात गार जागी, म्हणजे झाकणाखाली जमते आणि ऑइलबरोबर घुसळली जाते. आयर्लंडच्या हवेत हे हमखास दिसतं. म्हणून झाकणाऐवजी ऑइलची दांडी बघावी. दांडीवरचं ऑइल काळं-स्वच्छ असेल, त्याची पातळी वाढली नसेल आणि कूलंट घटत नसेल, तर घाबरून इंजिन खोलू नये. दांडीवरसुद्धा दुधाळ चहासारखं दिसलं, तर मात्र गाडी सुरूही करू नये.

थर्मोस्टॅट काढला तर तो उघड्या तोंडानेच अडकलेला होता. नवा आणून, घरच्या पातेल्यात दोरीने लटकवून पाणी तापवलं. पातेलं जुनं घ्या, नाहीतर घरात वेगळं इंजिन तापतं! पाण्यात थर्मामीटर ठेवला. थर्मोस्टॅटवर छापलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडली आणि गार झाल्यावर मिटली. मग तो गाडीत बसवला, कूलंट भरलं आणि एअर काढला.

उरला सकाळचा त्रास. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. गार इंजिनात ही उष्णता अपुरी पडते, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक हीटर प्लग असतो. इथले लोक त्याला ग्लो प्लग म्हणतात. मल्टीमीटर लावला की चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास, अगदी कमी रोध दाखवतो. याच्या चारांपैकी दोन प्लग पूर्ण तुटलेले निघाले. म्हणजे निम्मं इंजिन जागं आणि निम्मं झोपलेलं. झोपलेल्या सिलिंडरमधलं न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर येत होतं. त्या धुराचा वास घेतला की डोळे चुरचुरतात. कूलंट जळत असेल तर वास गोडसर येतो आणि धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही. पाच मिनिटांनी थांबणारा धूर हाच मोठा पुरावा होता.

एक थर्मोस्टॅट, चार प्लग आणि नवं कूलंट. गॅरेजच्या आकड्याच्या मानाने खर्च किरकोळ. कर्ज काढावं लागलं नाही, आणि त्या सोमवारी काटा मध्यावर व काच स्वच्छ ठेवून मुलं शाळेत गेली.

काटा आणि हीटर: दोघांची साक्ष

आता सगळ्यांसाठी एक सोपं कोष्टक तोंडी सांगतो. उष्णतेचा काटा आणि हीटर हे दोन साक्षीदार समजा.

काटा खाली आणि हीटर कोमट: थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. तातडी नाही, पण हिवाळ्याआधी बदला.

काटा मध्यावर आणि हीटर गार: कोर तुंबलाय, झडप बिघडलीय किंवा पाण्यात हवा अडकलीय. ॲक्सिलरेटर दिला की गरम आणि सिग्नलला उभं राहिलं की गार होत असेल, तर बहुधा कूलंट कमी आहे.

पंखा फक्त शेवटच्या नंबरवर चालतो: रेझिस्टर जळलाय. भाग छोटा आणि स्वस्त असतो.

आतल्या काचेवर चिकट धुकं, गोडसर वास आणि पायाखालचं कार्पेट ओलं: हीटर कोर गळतोय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चालू गाडीत, चांगला चाललेला हीटर एकाएकी गार पडला, तर तो धोक्याचा इशारा आहे. कूलंट गळून पातळी उतरली की हीटर कोरमध्ये हवा शिरते आणि ऊब जाते. कित्येकदा काटा वर जायच्या आधी हे होतं. काट्याचा सेन्सर पाण्याबाहेर पडला तर काटा खोटंही बोलू शकतो. म्हणून काटा वर आणि हीटर गार, ही जोडी दिसली की एम-वनवर असलात तरी डावीकडे कडेला घ्या, इंजिन बंद करा, डाव्या दाराने उतरा आणि कठड्यापलीकडे उभे राहा. मदतीसाठी ११२ किंवा ९९९. "पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ" म्हणणाऱ्याचं हेड वाकडं झालेलं मी पाहिलंय.

काटा वर चढतोय पण हीटर अजून गरम आहे, असं असेल तर एसी बंद करून हीटर आणि पंखा पूर्ण सोडा. उन्हाळ्यात घाम फुटेल, पण तो छोटा रेडिएटर थोडी उष्णता ओढून घेतो आणि सुरक्षित जागी थांबायला वेळ मिळतो.

गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका. त्या यंत्रणेत दाब असतो. एक बार जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

नळाचं पाणी आणि सीमेवरचं डिझेल

आपल्याकडे रेडिएटर म्हटलं की बाटलीने नळाचं पाणी ओतायची सवय. कोल्हापुरात चालून जातं, इथे नाही. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉकही फोडू शकतं. डिसेंबर २०१० आठवा. नाताळच्या दिवशी मेयोमध्ये स्ट्रेड इथे उणे १७.५ अंश नोंदले गेले होते. निम्मं अँटिफ्रीझ आणि निम्मं शुद्ध केलेलं पाणी, एवढं मिश्रण उणे ३५च्या आसपासपर्यंत राखण करतं. शिवाय ते गंज आणि गाळ रोखतं, म्हणजे हीटर कोरही वाचतो. रंग बघून अँटिफ्रीझ मिसळू नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार घ्या. आणि सांडलं तर लगेच पुसा. ते गोड लागतं आणि विषारी असतं. मांजर-कुत्र्यांचा आणि लहान मुलांचा जीव त्याने जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागातली. शेतीसाठी कमी कराचं डिझेल इकडे हिरवं आणि सीमेपलीकडे लाल असतं. त्यातला रंग धुऊन साध्या डिझेलच्या भावाने विकायचा धंदा इथे वर्षानुवर्षं चालला होता. असल्या डिझेलने पंप आणि सील खराब होत. २०१५ साली दोन्हीकडच्या सरकारांनी मिळून सहज न धुतलं जाणारं नवं खूणद्रव्य आणलं आणि तो धंदा बराच बसला. तरी जुनी पिकअप विकत घेताना डिझेल फिल्टर काढून बघा. आत चिखल किंवा पाणी असेल, तर मागच्या मालकाने काय पाजलंय ते कळतं. धुराचा रंगही बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आधी एअर फिल्टर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि तिथे मात्र इंजिनकाम निघू शकतं.

मेस्त्रीशी बोलावं कसं

माझं म्हणणं असं नाही की सगळं घरीच करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. पण गॅरेजमध्ये जाताना "इंजिन गेलंय का बघा" असं म्हणू नका. लक्षणं सांगा: कधी, किती वेळ, गार असताना की तापल्यावर, कूलंट घटतं का, दांडीवर काय दिसतं. एका कागदावर आठवडाभर लिहून न्या. डॉक्टरकडे जाताना आपण लिहून नेतो, तसंच. आणि इंजिन खोलायचा सल्ला मिळाला, तर नम्रपणे विचारा, "कुठल्या तपासणीवरून म्हणता?" चांगला मेस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. उलट खुलतो आणि दाखवतो. शिवाजी उद्यमनगरातले मेस्त्री आणि इथले मेस्त्री यात मला काही फरक दिसलेला नाही.

एक व्यावहारिक आठवण. खासगी मोटारीची एनसीटी चौथ्या वर्षी सुरू होते, पण व्यवसायाची पिकअप असेल तर पहिल्या वर्षापासून दरवर्षी तपासणी लागते. लोक तिला अजून डीओई म्हणतात. तारखेच्या महिनाभर आधी बोनेट उघडलंत, तर शेवटच्या क्षणी धावाधाव होत नाही.

घड्याळं मागे गेली की इथे साडेचार-पाचलाच अंधार पडतो. आपण दारात पणत्या लावतो, त्याच आठवड्यात दहा मिनिटं गाडीलाही द्या. कूलंटची पातळी, ऑइलची दांडी, बॅटरीची टोकं, हीटरची ऊब आणि काच किती वेळात स्वच्छ होते, एवढं बघा. खर्च शून्य.

काही प्रश्न असतील तर जेवताना जरूर विचारा. आणि कुणाच्या गाडीत गोडसर वास येत असेल, तर जेवणाआधीच सांगा, पार्किंगमध्ये उजेड आहे तोवर बघून टाकू. सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.